लहान हॉलसाठी छोटी पण चांगल्या आवाजाची स्टिरिओ सिस्टीम: काय घ्यावं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला पाहिजे. आमचा जुळे सोलापुरात टूबीएचके आहे, हॉल १० बाय १४. वडील रिटायर्ड मास्तर, नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकायची जबरदस्त आवड, सीड्या दोन-अडीचशे तरी असतील, कपाटात नावासकट लावून ठेवल्यात. आधी मोठा डेक होता तो पार गेला, स्पीकरच्या जाळीमागची कड हात लावला की चुरा होऊन पडते. आता ते मोबाईलवर ऐकतात, आणि आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाईल स्टीलच्या तांब्यात उभा करून ठेवतात. मला ते बघवत नाही.

टॉवर वगैरे ठेवायला जागा नाही. टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना कडप्प्याचे कप्पे आहेत, त्यात बसेल असं काहीतरी हवं. बजेट २५ ते ३०, फार तर ३५ हजार. नव्या पेठेत चार दुकानं फिरलो तर सगळीकडे लाईट लागणारे पार्टी स्पीकर नाहीतर साऊंडबार. एकाने सांगितलं हा घ्या साहेब, पाच हजार वॉट. लावून दाखवा म्हटलं तर ढोल-ताशा लावला. वडिलांची सीडी खिशात घेऊन गेलो होतो, पण ती चालवायचं मशीनच कुणाकडे नाही.

तर साऊंडबार घ्यावा, सीडीवाली मिनी सिस्टीम घ्यावी, की दोन सुटे स्पीकर? आवाज स्वच्छ पाहिजे, दणका नको.

सातरस्ता
साऊंडबार घेऊन टाका दादा. आमच्याकडे आहे, सबवूफरसकट, टीव्हीखाली बसतो, वायरींचा पसारा नाही, एचडीएमआय लावली की रिमोट पण एकच. सिनेमाला मस्त.

शेंगापोळी
तांब्याचं वाचून माझे आजोबा आठवले, ते मोबाईल पितळी डब्यात ठेवतात आणि डब्याचं झाकण उघडमीट करून म्हणतात हा बघ इक्वलायझर :)

वाचतेय, आम्हालाही घ्यायचाच आहे.

खर्ज
@सातरस्ता, सिनेमाला मस्त हे मान्य, पण त्यांच्या वडिलांना ख्याल ऐकायचाय. साऊंडबार ९० सेंटीमीटरचा धरा आणि माणूस बसतो समोर तीन मीटरवर. डावा आणि उजवा आवाज यांच्यातला कोन जेमतेम १७ अंश होतो. स्टिरिओ ऐकायला दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण पाहिजे, म्हणजे ६० अंशांच्या आसपास. १७ अंशात गायक, तबला, पेटी, तंबोरे सगळे एकाच खुर्चीत बसल्यासारखे ऐकू येतात. मग त्यावर उपाय म्हणून बारमधे कसलेकसले सराउंड मोड देतात आणि त्याने गाणाऱ्याचा आवाज पोकळ होतो.

मी स्वतः गाते, म्हणून हे जिवावर येतं. चांगल्या दोन स्पीकरांवर डोळे मिटून ऐकलं की गायक मधोमध, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, आणि मागे तंबोऱ्यांचा पडदा असं स्पष्ट कळतं. ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला तो याच गोष्टीसाठी, की आवाज कुठून येतो ते कानाला कळलं पाहिजे. एकाच पट्टीत सगळं कोंबलं तर ते सगळं वाया.

दोन सुटे स्पीकरच घ्या. लहान चालतील, पण दोन आणि लांब.

नव्या_पेठेतला
+१ खर्जताई. फक्त एक, जुनी रेकॉर्डिंग मोनो आहेत. नाट्यसंगीताच्या कितीतरी सीड्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरनं केलेल्या असतात, त्यात डावं-उजवं नसतंच. मग दोन स्पीकरचा काय फायदा?

खर्ज
फायदा आहे ना. मोनो असेल तर दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज येतो आणि गायक बरोबर मधे उभा राहतो, स्पीकरमधे नाही. आणि जुन्या रेकॉर्डिंगची खरखर पण एका ठिकाणी गोळा होते, गाणं तिच्यापासून सुटं ऐकू येतं. मास्तरांना हे लगेच जाणवेल बघा.

वायरिंगवाला
पाच हजार वॉट म्हणणाऱ्या दुकानाबद्दल बोलतो, कारण हा प्रकार सोलापुरात लई चाललालाय.

तो आकडा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा दावा. त्याला कसलंही ठरलेलं मोजमाप नाही, कंपनी वाट्टेल ते छापती. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर. सोपा हिशोब सांगतो. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असती, समजा ८५ डीबी (डेसिबल). म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८५ डीबी आवाज. ८५ डीबी म्हणजे घरात बोलायला आवाज चढवावा लागेल इतका मोठा. आणि ते फक्त १ वॉटमधे! पॉवर दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डीबी. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. मग ३० वॉट आणि ६० वॉट यात फरक किती, ३ डीबी. १० बाय १४ च्या हॉलला दोन्हीकडे खरेखुरे २०-२० वॉट असले तरी भरपूर झालं अण्णा. उरलेले पैसे स्पीकरमधे घाला.

दुसरं असं की वॉट कशावर मोजलेत ते बघा. १० टक्के डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज बिघडलेला असताना मोजून आकडा फुगवतात. बारीक अक्षरात टीएचडी (म्हणजे हेच डिस्टॉर्शन) १० टक्के लिहिलं असेल तर तिथपर्यंत वाजवला तर आवाज फाटलेला असणार. १ टक्क्याच्या आतला आकडा तोच खरा धरायचा.

भाग्यनगर_रिटर्न
अहो पण इतकं मोजत बसण्यापेक्षा ॲम्प (ॲम्प्लिफायर) वेगळा आणि स्पीकर वेगळे घ्या ना. छोटे क्लास डी ॲम्प आता हाताच्या पंजाएवढे येतात आणि तापत नाहीत. त्याला चांगले पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेले, बुकशेल्फ (कप्प्यात बसणारे लहान) स्पीकर जोडायचे, पाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा कोन). पुढे ॲम्प गेला तर ॲम्प बदला, स्पीकर वीस वर्षं चालतील. ॲक्टिव्ह स्पीकरमधे ॲम्पसकट सगळं एकाच खोक्यात, आतलं सर्किट गेलं की चांगला स्पीकर पण पडून राहतो. माझ्या मेव्हण्याचा असाच पडलाय, पार्ट मिळत नाही म्हणून.

पुणेरी_सोलापुरी
असहमत. ३५ हजारांत ॲम्प, स्पीकर, सीडी प्लेअर, ब्लूटूथ, वायर हे सगळं वेगळं घ्यायला गेलात तर प्रत्येक गोष्टीत तडजोड होणार. ॲक्टिव्हमधे ॲम्प त्याच स्पीकरसाठी जुळवलेला असतो आणि लहान स्पीकरकडून जास्तीत जास्त काढलेलं असतं. एडिफायरचा आर १२८० डीबी बघा, ४२ वॉट आरएमएस, ४ इंची वूफर, रेशमी घुमटाचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा), ऑप्टिकल आणि कोॲक्सियल ही दोन्ही डिजिटल इनपुट, ब्लूटूथ आहे, रिमोट आहे. बजेटच्या पुष्कळ आत बसेल. त्याच्यावरचे पण आहेत, मोठ्या वूफरचे.

आणि सगळं एकाच खोक्यात पाहिजे असेल तर डेननची डी-एम४१ सारखी मिनी सिस्टीम: सीडी, एफएम, ब्लूटूथ, ३०-३० वॉट. आकाराने लहान पण दिखाऊ नाही. मिळाली आणि बजेटमधे बसली तर वडिलांसाठी याच्यापेक्षा सोपं काही नाही, सीडी घातली की चालू.

सातरस्ता
३०-३० वॉट ऐकून दुकानदार हसेल. पण वायरिंगवाले अण्णांचं वाचून आता मलाच माझ्या बारचा कागद काढून बघावासा वाटतोय.

जुना_डेक
उशिरा आलो. धागा चांगला चाललाय, पण सगळे काय घ्यावं ते सांगतायत, कुठे ठेवावं ते कुणीच सांगत नाहीये. माझ्या मते लहान खोलीत अर्धा आवाज तिथेच ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता कडप्प्याच्या कप्प्यात ठेवणार. तिथे दोन अडचणी. पहिली म्हणजे पोर्ट. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरना एक भोक असतं, त्यातून बास बाहेर पडतो. ते मागच्या बाजूला असेल आणि मागे भिंत चिकटलेली असेल तर बास गुरगुरतो, तबल्याचा बायाँ घुमतो पण त्याचं बोट कळत नाही. कप्प्यात ठेवायचं तर पुढे पोर्ट असलेला किंवा बिनपोर्टचा बंद खोक्याचाच घ्या. मागे पोर्ट असलेला आवडला तर भिंतीपासून निदान वीतभर तरी पुढे, जमलं तर फूटभर. दुसरी म्हणजे कप्प्याच्या बाजू. स्पीकर कप्प्यात आत ढकलला की आवाज दोन्ही बाजूंच्या कडप्प्यावर आपटून पुढे येतो. स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेशी आणा, एखादा इंच बाहेर आला तरी चालेल. आणि खाली रबराचे तुकडे, नाहीतर कडप्पा स्वतःच वाजायला लागतो.

आता खोली. १० फूट म्हणजे ३ मीटरच्या जरा वर. त्या दोन भिंतींमधे ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनं) आसपासचा आवाज अडकतो आणि फुगतो. १४ फुटांत ४० च्या आसपासचा. हे कुठल्याही कंपनीचा स्पीकर आणला तरी होणारच, कारण ते भिंतींचं गणित आहे. सोफा मागच्या भिंतीला एकदम चिकटवून बसलात की बास सगळ्यात जास्त फुगलेला ऐकू येतो. सोफा हातभर पुढे घ्या, फरक तिथल्या तिथे कळतो, एक रुपया खर्च नाही.

ट्वीटर कानाच्या उंचीला. मास्तर खुर्चीत बसतात की दिवाणावर लोडाला टेकून, ते बघा आणि कान जमिनीपासून किती वर येतो ते टेपने मोजा. कप्पा खाली असेल तर स्पीकरच्या पुढच्या बाजूला पाचर लावून तोंड वर करा.

घेण्याआधी एक करा. हॉलमधे उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. झिंगझिंग असं काही मागे राहिलं तर खोली उघडीबोडकी आहे. आपल्याकडे खाली फरशी, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट. आवाजाला बसायला जागाच नाही.

अक्कलकोट_रोड
जुना डेक काका, टाळीचं आत्ताच करून बघितलं, आमच्याकडे खरंच झिंग राहते. भिंतीला चादर लावली तर? सोलापुरात राहून चादरीची काय कमी, आमच्या घरात तर गठ्ठे आहेत.

वायरिंगवाला
लाव की बे. आमच्या एका पाहुण्याने चारी भिंतींना लावल्यात, मयूर डिझाईनच्या.

जुना_डेक
चारी भिंतींना नको. सोलापुरी चादर कितीही दाट विणीची असली तरी आवाजाच्या मानाने पातळच. भिंतीला चिकटवून लावली तर फक्त अगदी वरचे सूर खाते, झांज आणि तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) मरते आणि खालचा घुमारा तसाच राहतो. आवाज मंद आणि जड होतो. लावायचीच तर भिंतीपासून तीन-चार इंच लांब, पडद्यासारखी चुण्या घालून. १००० हर्ट्झच्या लाटेची चौथाई लांबी साडेआठ सेंटीमीटर येते, म्हणून तेवढी पोकळी मागे राहिली की ती चादर मधल्या सुरांवर पण काम करायला लागते. आणि जागा नेमकी निवडा: ऐकणाऱ्याच्या आणि स्पीकरच्या मधे, बाजूच्या भिंतीवर. कुणालातरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. खाली सतरंजी किंवा जाड जाजम. पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला असेल तर फार उत्तम.

अक्कलकोट_रोड
आरशाची युक्ती भारी आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खर्ज
जुना डेक काकांनी बास म्हटलं म्हणून एक विचारते. चार इंची वूफर साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली दमतो ना? आमचे गुरुजी काळी एकमधे गातात. त्यांचा मधला षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज, त्याखालच्या सप्तकातला षड्ज, ६९. तोच नीट आला नाही तर तंबोरा कसला?

जुना_डेक
प्रश्न अगदी बरोबर. पण तंबोऱ्याची गंमत अशी की जवारीमुळे त्याच्यात मूळ सुरापेक्षा वरचे स्वयंभू सूर भरभरून असतात. १३८, २०७, २७६ हे नीट आले की ६९ हलका असला तरी कान तो भरून काढतो, सूर खर्जाचाच ऐकू येतो. म्हणून लहान स्पीकरवरसुद्धा तंबोरा ओळखीचा वाटतो. मात्र पोटात जाणवणारा खर्ज पाहिजे असेल तर पाच किंवा साडेपाच इंची वूफर घ्या. मास्तरांच्या आवडीला मी पाच इंचीच सुचवेन, चारवर थांबू नका.

नव्या_पेठेतला
मग सबवूफर जोडला तर? ८० च्या खालचं सब सांभाळेल, वरचं स्पीकर.

पुणेरी_सोलापुरी
फ्लॅटमधे नको हो. खालच्या आवाजाची दिशा कळत नाही म्हणून सब कुठेही ठेवता येतो हे खरं, पण तो स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. गाणं तुम्ही ऐकणार आणि धपधप खालचे काका ऐकणार. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची, तुमच्या हॉलपेक्षा लांब. तिला भिंत काय अडवणार.

शेंगापोळी
आमच्या वर एक जण राहतात त्यांच्याकडे आहे सब. रविवारी सकाळी मांडणीतली भांडी वाजायला लागली की आम्हाला कळतं ते उठले. माणसं फार चांगली आहेत, डबा पाठवतात, म्हणून काही बोलता येत नाही.

सातरस्ता
डब्यात काय असतं?

शेंगापोळी
कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दही वेगळं.

सातरस्ता
मग वाजू दे भांडी.

वायरिंगवाला
गाडी रुळावर आणतो. करंटचं कुणीच बोललं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर होतं, लाईट जाती-येती. नवे क्लास डी ॲम्प एसएमपीएसवर (स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालतात, अडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजचं टेन्शन नाही. धोका असतो लाईट परत येतानाच्या झटक्याचा. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि त्याच बोर्डावर फ्रीज-कूलर नको, नाहीतर कंप्रेसर चालू झाला की स्पीकरमधे ठक्क वाजतं.

इन्व्हर्टर कोणता ते बघून ठेवा. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर लाईट गेल्यावर गुंईं असा आवाज मिसळतो, विशेषतः ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला. प्युअर साईन वेव्हवर नाही होत. आणि टीव्ही, सेटटॉप बॉक्स जोडल्यावर सारखा हूं असा हम यायला लागला तर केबलवाल्याची वायर काढून बघा. हम थांबला तर दोष स्पीकरचा नाही, अर्थिंगचा लूप आहे. तेव्हा टीव्हीपासून स्पीकरला ऑप्टिकल केबल लावा, तिच्यातून वीज जातच नाही, प्रश्न मिटला. घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्याच, ते गाण्यासाठी नाही, जिवासाठी.

भाग्यनगर_रिटर्न
आणि वूफरची कड रबराची आहे का बघा, फोमची नको. धागाकर्त्यांच्या जुन्या डेकची कड चुरा झाली ती फोमचीच असणार. आपल्याकडच्या उन्हाने आणि धुळीने फोम काही वर्षांत कुजतो. तो जुना स्पीकर टाकू नका मात्र. कोन आणि कॉईल शाबूत असेल तर नुसती कड नवीन चिकटवून मिळते, ते काम करणारे कारागीर अजून आहेत.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. जुन्या डेकच्या कडा बघितल्या, फोमच्याच आहेत. सोफा हातभर पुढे घेतला, आई विचारते आता मागे झाडायला सोपं केलंस का.

सीडीचं मात्र अडलंय. ॲक्टिव्ह स्पीकर घेतले तर सीडी कशावर लावायची? आणि सगळं ब्लूटूथवर टाकलं तर आवाज पडतो म्हणतात, खरंय का?

पुणेरी_सोलापुरी
घरात जुना डीव्हीडी प्लेअर आहे का? त्याच्या मागे केशरी रंगाचं कोॲक्सियल आउट असेल तर तिथून सरळ स्पीकरच्या कोॲक्सियलमधे केबल लावा. सीडीतला डिजिटल आवाज जसाच्या तसा स्पीकरमधे जातो, प्लेअर दोन हजारांचा आहे की वीस हजारांचा याने फार फरक राहत नाही. फक्त सीडी धूळ न लागता वाचली गेली पाहिजे.

ब्लूटूथ: सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या पद्धती असतात, त्यातल्या साध्या एसबीसीमधे तो साधारण सव्वातीनशेपर्यंत आवळला जातो, एलडॅकमधे जास्तीत जास्त ९९०. फोन आणि स्पीकर दोन्हींना एलडॅक येत असेल तरच ते चालतं. तरी खरं सांगतो, नीट ठेवलेल्या स्पीकरवर एसबीसीसुद्धा चांगलं वाजतं, आणि वाईट ठेवलेल्या स्पीकरला सीडी वाचवू शकत नाही. तांब्यापेक्षा तर दोन्ही कितीतरी वर. सीडीसाठी डीव्हीडी प्लेअर, बाकी फोनवरून.

खर्ज
सीड्या कॉम्प्युटरवर फ्लॅक प्रकारच्या फाईलमधे उतरवूनही ठेवा हो. त्यात काही गळत नाही आणि सीडी खराब झाली तरी गाणं राहतं. त्यातली काही रेकॉर्डिंग आता बाजारात मिळणारही नाहीत.

आकाशवाणी सोलापूर ऐकत असतील मास्तर, तर एफएमचा वेगळा विचार करा. बऱ्याच ॲक्टिव्ह स्पीकरमधे एफएम नसतं. फोनवर आकाशवाणीचं ॲप आहे.

जुना_डेक
धागाकर्ते, मी विजापूर रोडला राहतो. माझ्याकडे पाच इंची वूफरचे ॲक्टिव्ह आहेत, पुढे पोर्टवाले, आणि मुलाच्या खोलीत चार इंची. मास्तरांना घेऊन या, त्यांच्याच सीड्या आणा. दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. अर्धा तास एका जागी बसून ऐकलं आणि कान थकले नाहीत, तर तो स्पीकर त्यांचा. पत्ता मेसेज करतो.

भाग्यनगर_रिटर्न
हे सगळ्यात भारी. आणि एक काळजी, दोन स्पीकर शेजारी लावून तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. एक दीड-दोन डीबीने मोठा असेल तरी तोच चांगला वाटतो. दुकानदार हेच करतात, विकायचा असेल त्याचा आवाज वाढवतात. फोनवर डीबी मोजायचं फुकट ॲप आहे, अचूक नसलं तरी दोन्ही सारखे करायला पुरतं.

जुळे_सोलापूरकर
जाऊन आलो. काकांनी आणि काकूंनी इतकं अगत्याने केलं की काय सांगू.

आधी चार इंची लावले. वडिलांना आवडले, म्हणाले शब्द स्वच्छ आहेत. मग तीच सीडी पाच इंचीवर, आवाज मोजून सारखा करून. विलंबित ख्याल होता. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, मग हात वर करून काकांना थांबवलं आणि म्हणाले, मागे घ्या, परत लावा. परत लावलं. म्हणाले, इथे दोन तंबोरे आहेत, आणि एक किंचित उतरलाय. ही सीडी त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे, हे त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं. मग नाट्यसंगीताची जुनी मोनो सीडी लावली तर खर्जताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. खरखर मागे राहिली आणि आवाज मधोमध. वडील उठून स्पीकरच्या मधल्या जागेकडे बघायला गेले, तिथे तिसरा स्पीकर आहे का म्हणून.

तेव्हा ठरलं: पाच इंची ॲक्टिव्ह, पुढे पोर्ट, रबराची कड, कोॲक्सियल इनपुट. सोलापुरात ऑर्डर करून मिळतायत, बजेटमधे बसून वर पैसे उरतात. उरलेल्यात जाजम आणि सर्ज प्रोटेक्टर. डीव्हीडी प्लेअर माळ्यावर सापडला, केशरी भोक आहे! जुन्या डेकचे स्पीकर कड बदलायला दिलेत, ते वडिलांच्या खोलीत एका छोट्या ॲम्पवर लावू म्हणतोय, म्हणजे भाग्यनगरवाल्यांचंही ऐकल्यासारखं होईल.

दोन शंका राहिल्या. एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे जी वायर जाते ती टीव्ही युनिटच्या मागून फिरवून पाच मीटर तरी लागेल, सोबत येणारी आखूड आहे. कोणती घेऊ? आणि दोन्ही कप्प्यांत अंतर साडेसहा फूट आहे, बसायची खुर्ची आठ फुटांवर. चालेल?

सातरस्ता
अभिनंदन! तिसरा स्पीकर शोधायला उठले हे वाचून मी पण विजापूर रोडला यायचं म्हणतोय काका.

जुना_डेक
या की. येताना साऊंडबार आणू नका.

साडेसहा आणि आठ चालेल. कोन ४५ च्या आसपास येतो, ६० पेक्षा कमी पण गायक मधे राहील. खुर्ची फूटभर पुढे सरकली तर आणखी चांगलं. स्पीकरची तोंडं किंचित आत वळवा, खुर्चीतून त्यांची आतली बाजू जेमतेम दिसेल इतकी.

वायरिंगवाला
वायरला हजारो घालू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात १.५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची लवचिक वायर मीटरवर मिळती, पाच मीटरला तीच पुरती. सीसीए लिहिलेली घेऊ नका, ती आतनं ॲल्युमिनियम असती. टोक खरवडून बघा, चंदेरी दिसलं तर परत करा. आधी दुसऱ्या स्पीकरचं सॉकेट बघा मात्र. साध्या क्लिपा असतील तर ही वायर चालेल, स्वतःची वेगळी पिन असेल तर त्याच कंपनीची लांब केबल मागवा, कापाकापी करू नका.

आणि प्लस-मायनस. दोन रंगांची वायर घ्या, लाल ते लाल. एका बाजूला उलटं लागलं तर बास गायब होतो आणि गायक मधे थांबतच नाही, सगळीकडे पसरतो. मोनो सीडी आहेच तुमच्याकडे, ती लावली की लगेच कळेल. कड बदलून येणाऱ्या जुन्या स्पीकरचं प्लस कुठलं ते पुसलं गेलं असेल तर ॲम्पपासून वायर सोडवून पेन्सिल सेल टेकवा. कोन बाहेर आला की सेलची प्लस बाजू तीच स्पीकरची प्लस. सेल धरून ठेवू नका, नुसता क्षणभर टेकवायचा.